वाफ, तेल, वीज, ऊन: विदर्भातल्या जिनिंगची पार्श्वभूमी

वर्धा जिल्ह्यातल्या एका बंद पडलेल्या जिनमध्ये, म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, रेच्यांच्या (सरकी काढणाऱ्या यंत्रांच्या) फलाटाखाली उतरता येतं. वाकून चालावं लागतं. मधोमध लांबलचक शाफ्ट, ठरावीक अंतरावर बिडाच्या पुल्या, आणि वरच्या प्रत्येक रेच्याकडे पट्टा जायला फळ्यांत कापलेली खाच. रुईची भुकटी आणि वंगण मिळून सगळ्यावर काळी साय धरली आहे. शाफ्टच्या टोकाला इंजिनघर होतं, तिथं आता बकऱ्या बांधतात. बाहेरचं विटांचं धुराडं तेवढं शाबूत आहे.

कारखान्यांतल्या ऊर्जाबचतीवर बोलताना आपल्याकडे थेट सोलरपासून सुरुवात होते. विदर्भाच्या खेड्यांतला सगळ्यात जुना यंत्रोद्योग जिनिंग-प्रेसिंगचा, म्हणजे सरकी काढून रुईच्या गठाणी बांधायचा, आणि त्याने दीडशे वर्षांत चार इंधनं पाहिली. त्यातला एकही बदल आधी पर्यावरणाच्या काळजीतून झाला नाही. प्रत्येक वेळी कारण कापसाचं किंवा खिशाचं होतं.

आधी सरकी घरीच निघायची. लाकडी चरखीच्या दोन लाटांमधून कापूस ओढला की रुई पलीकडे जाई, सरकी अलीकडे पडे आणि गोठ्यातल्या जनावरांपुढे जाई. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांकडे आलं. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवीत तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या कापडगिरण्यांची नजर वऱ्हाड-हिंगणघाटच्या कापसावर पडली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. खामगाव आणि अमरावती मुख्य मार्गापासून बाजूला होती, त्यांना फाटे काढून दिले. मग स्टेशनांच्या आसपास धुराडी उगवली.

यंत्र होतं मॅकार्थीच्या पद्धतीचं, १८४० मध्ये अमेरिकेत निघालेलं. चामड्याचा रोलर रुई ओढतो, पोलादी पट्टी सरकीला अडवते, दुसरी हलती पट्टी तिला खाली झटकते. आजच्या डबल रोलर रेच्यातही तत्त्व हेच आहे. त्या रोलरला सुरुवातीच्या काळात वॉलरस नावाच्या समुद्री प्राण्याचं कातडं चढवत. वऱ्हाडातल्या कापसासाठी उत्तर ध्रुवाकडे शिकार चालायची, हे वाचलं तेव्हा मला खरंच वाटलं नव्हतं.

हे रेचे वाफेवर चालत. बॉयलरमध्ये लाकूड किंवा दगडी कोळसा. वरोऱ्याची सरकारी खाण १८७० च्या दशकात सुरू झाली, ती १९०६ मध्ये बंद पडेपर्यंत या भागाला जवळचा कोळसा देत होती. छोट्या वाफ इंजिनात जळणातल्या उष्णतेचा दहावा हिस्साही शाफ्टपर्यंत पोचत नसे. त्यातून कापसाच्या बैलबंड्या पाच आल्या काय अन् पन्नास आल्या काय, पहाटे बॉयलर पेटवायचाच आणि पूर्ण शाफ्ट फिरवायचाच. निम्मे रेचे रिकामे असले तरी पट्टे, पुल्या, बेअरिंग आपापला वाटा खात. पुढे क्रूड ऑइलची इंजिनं आली. बॉयलर तापायची वाट बघणं संपलं, पण शाफ्ट तोच राहिला.

याच वर्ध्यात १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. संघाच्या जागेत, मगनवाडीत, बसून गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा मांडत होते की साठ्यावर चालणारी अर्थव्यवस्था वेगळी आणि प्रवाहावर चालणारी वेगळी. कोळसा, खनिज तेल हे साठे, उपसले की संपले. ऊन, पाणी, शेतातलं पीक हे प्रवाह, दरवर्षी नव्याने येणारे. संघाला जागा आणि आधार देणारे जमनालाल बजाज स्वतः कापसाचे व्यापारी. तरी जिनवाल्यांनी त्यातून काही उचलल्याचं दिसत नाही. मगनवाडीचा भर हाताच्या चरखीवर आणि तेलघाणीवर होता, आणि जिनवाल्याला दिवसाला किती गठाणी पडल्या यातच रस. दोन्ही बाजू एकमेकांच्या हिशेबात बसत नव्हत्या.

वीज १९६० नंतर राज्य वीज मंडळाच्या तारांनी गावोगाव गेली. इंजिनाच्या जागी मोठी मोटार बसली, आणि हळूहळू प्रत्येक रेच्याला स्वतःची मोटार मिळाली. फलाटाखालचा शाफ्टचा बोगदा निकामी झाला तो इथे. खरी बचत ही होती, आणि तिची कुठे बातमीही झाली नाही.

मग १९७२ ला कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, म्हणजे राज्यातला कापूस एकट्या सरकारी यंत्रणेनेच घ्यायचा. खरेदी पणन महासंघाची, जिनवाला फक्त ठरलेल्या दराने रुई काढून देणार. रुई स्वच्छ निघाली म्हणून चार पैसे जास्त नाहीत, वीज कमी लागली म्हणून कौतुक नाही. असं असताना यंत्र कोण बदलणार? माझ्या मते विदर्भातल्या जिनिंगची तीस वर्षं इथे गोठली. योजनेने शेतकऱ्याला काय दिलं हा वेगळा वाद आहे, त्यात मी इथे शिरत नाही.

खाजगी खरेदी मोकळी होण्याच्या सुमारास, फेब्रुवारी २००० मध्ये, केंद्राने कापूस तंत्रज्ञान मिशन सुरू केलं. त्याचा एक भाग जिन सुधारण्यासाठीच होता. ओटे पक्के झाले. डोक्यावरच्या टोपल्यांऐवजी पंख्याने कापूस ओढणारे पाइप आले, सफाईची यंत्रं आली. रुईतला कचरा घटला, पण विजेची मागणी वाढली, कारण हवेने कापूस ओढणं हे पट्ट्यावरून नेण्यापेक्षा फार खादाड काम. पंख्याचा वेग आणि लागणारी वीज यांचं नातं घनाचं असतं: वेग २० टक्के कमी केला तर वीज जवळपास निम्म्यावर येते. म्हणून आज जिनमध्ये व्हीएफडी, म्हणजे मोटारीचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण, बसवायचा म्हटलं की फिटर आधी पंख्याकडे बोट दाखवतो.

प्रदूषणाचा सगळ्यात वाईट प्रश्न मात्र धुराड्यात नव्हताच, तो रोलरमध्ये होता. रोलर म्हणजे दांड्यावर दाबून बसवलेल्या चामड्याच्या चकत्या, आणि ते चामडं क्रोमने, म्हणजे क्रोमियम धातूच्या क्षारांनी, कमावलेलं. पट्टीवर घासून ते झिजतं, भुकटी रुईत जाते, सरकीत जाते, कामगाराच्या श्वासात जाते. सरकीतून पुढे तेलात आणि जनावरांच्या ढेपेत. रोलर जास्त घट्ट आवळला तर तो लवकर झिजतो आणि मोटारही जास्त करंट ओढते, म्हणजे दोन्हीकडून तोटा. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने रबर आणि सुती कापडाच्या थरांचा क्रोमविरहित रोलर काढला. नागपूरला या संस्थेचं जिनिंग प्रशिक्षण केंद्रही आहे.

कायदा या उद्योगापर्यंत पोचला नाही. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याखालची पॅट योजना २०१२ मध्ये आली: मोठ्या कारखान्यांना ऊर्जा-वापर घटवण्याचं लक्ष्य, जास्त वाचवलं तर विकता येणारी प्रमाणपत्रं. पहिल्या फेरीत देशभरातले ४७८ कारखाने होते, त्यात सिमेंट, औष्णिक वीज, कागद आणि कापड हे उद्योग. चंद्रपूर पट्ट्यातल्या अशा मोठ्या कारखान्यांना हे लागू पडलं. कापड उद्योगासाठी उंबरठा वर्षाला ३,००० टन तेलाइतक्या ऊर्जेचा, म्हणजे सुमारे साडेतीन कोटी युनिट. खेड्यातलं जिन या उंबरठ्याच्या आसपासही फिरकत नाही.

जिनवाल्याला शिकवलं ते बिलाने. मोटारींना कपॅसिटर लागले ते पॉवर फॅक्टरच्या, म्हणजे घेतलेल्या विजेपैकी किती प्रत्यक्ष कामाला आली या प्रमाणाच्या, दंडामुळे. १ एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएच पद्धतीने, म्हणजे फक्त कामाला आलेल्या नव्हे तर ओढलेल्या एकूण विजेवर, होऊ लागलं, आणि खराब पॉवर फॅक्टरचा भार थेट युनिटमध्येच दिसू लागला. सीझन दिवाळीपासून मार्च-एप्रिलपर्यंत. बाकीचे महिने रेचे थंड, तरी डिमांड चार्ज, म्हणजे वीजजोडणीच्या क्षमतेवरचा ठरावीक आकार, भरावाच लागतो, आणि पावसाळ्यात ते बिल हातात आलं की मालक जे बोलतो ते इथे छापण्यासारखं नसतं.

सोलरचं गणित इथेच जुळलं. जिनचे टिनाचे मांडव प्रचंड, आणि राज्यात २०१५ पासून नेट मीटरिंगचे, म्हणजे छतावरची जादा वीज तारांना देऊन ती बिलात वळती करून घेण्याचे, नियम आहेत. उन्हाळ्यातली शिल्लक वीज आर्थिक वर्षाच्या आत पुढे ओढता येते, वर्ष सुरू होतं एप्रिलला आणि सीझन येतो वर्षाच्या शेवटाला. उन्हाळ्याचं ऊन हिवाळ्यात वापरायचं, असं एका जिनवाल्यानं मला दोन बोटांवर मोजून दाखवलं होतं.

राहिली पऱ्हाटी. कापूस वेचून झाला की शेतात उभी राहणारी ही काटकं म्हणजे कुमारप्पांच्या शब्दांतला प्रवाह. पूर्वी ती चुलीत जायची. गॅस आला, तशी वावरातच पेटू लागली. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने झोडपल्यावर पऱ्हाटी लवकर उपटून तिची विल्हेवाट लावायचा सल्ला गावोगाव दिला गेला, आणि कुटी करून कांड्या, म्हणजे ब्रिकेट, बनवण्याच्या कल्पनेला जोर आला. त्या कांड्या बॉयलरमध्ये कोळशाऐवजी चालतात. जिनला आता बॉयलर नाही, त्यामुळे गिऱ्हाईक दुसरीकडचं, तेल गिरण्या आणि इतर बॉयलरवाले. उपटणी, कुटी आणि वाहतूक यांतच पैसा अडतो. पऱ्हाटीची ट्रॉली दिसायला डोंगराएवढी भरते, काट्यावर चढवली की वजन निघत नाही.