संयुक्त चढाई

संयुक्त चढाई : दोन किंवा अधिक सत्तांनी आपसांत तह करून समाईक शत्रूवर ठरवून केलेली लष्करी मोहीम. एकाच गटात असणे म्हणजे संयुक्त चढाई नव्हे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी आणि जपान एका करारात होते. पण जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत रशियावर हल्ला केला तेव्हा जपान त्यात उतरला नाही, कारण दोनच महिन्यांपूर्वी त्याने रशियाशी तटस्थतेचा करार केला होता. करार एक होता, बेत एक नव्हता.

कोणी कोणत्या बाजूने जायचे, कधी निघायचे, हुकूम कोणाचा चालायचा, खर्च कोणी सोसायचा आणि जिंकलेला मुलूख कोणाच्या पदरात पडायचा, हे सारे संयुक्त चढाईत आधी बोलले जाते. यांतले शेवटचे कलम कागदावर शेवटी आले, तरी मनात सर्वांच्या आधी तेच असते. नाशिकच्या डोंगरी मुलखाने हे फार जवळून पाहिले आहे. येथील किल्ले एका तहात वाटणीचा भाग म्हणून नावानिशी आले होते, म्हणून नोंदीचा आरंभ तेथूनच करणे योग्य ठरेल.

१६३६ चा तह आणि नाशिकचे किल्ले

दौलताबाद १६३३ मध्ये मोगलांच्या हाती गेले, तरी निजामशाही पुरती बुडाली नव्हती. शहाजीराजे भोसले यांनी त्या घराण्यातील एका लहान मुलाला गादीवर बसवले आणि जुन्नर, संगमनेर, नाशिक, उत्तर कोकण या भागात कारभार चालू ठेवला. विजापूरच्या आदिलशाहीतून त्यांना आतून पाठबळ मिळत होते. फेब्रुवारी १६३६ मध्ये शाहजहान स्वतः दौलताबादेस आला. त्याने सुमारे पन्नास हजारांच्या तीन फौजा विजापूर आणि गोवळकोंड्यावर रोखल्या आणि शायिस्ताखानाच्या हाताखाली आठ हजारांची चौथी फौज जुन्नर-नाशिककडे धाडली. चांदवडच्या बाजूचे, सातमाळा रांगेतले किल्ले अलावर्दीखानाने घेतले. इंद्राई किल्ल्यावरच्या कातळात त्या विजयाचा फारसी शिलालेख आहे.

येथे दोस्ती जमली ती धाकाने. मोगल फौजांनी विजापूरचा मुलूख जाळून-लुटून हैराण केला, तेव्हा मे १६३६ मध्ये मुहम्मद आदिलशाहाने तह केला. बादशहाचे वर्चस्व मान्य करायचे आणि वीस लाख रुपये पेशकश (खंडणी) द्यायची, ही विजापूरची बाजू. त्याबदली निजामशाहीच्या मुलखातून सुमारे पन्नास परगणे विजापूरला मिळाले. त्यांचा वसूल वीस लाख होनांचा (होन म्हणजे सोन्याचे नाणे) धरला होता. पुणे-चाकण विजापूरकडे, जुन्नर-नाशिक मोगलांकडे, अशी रेघ पडली. ज्या राज्याचा शेवटचा रक्षक अजून घोड्यावर होता, त्या राज्याची वाटणी कागदावर पुरी झाली होती.

याच तहात शहाजीराजांविषयी वेगळे कलम होते : जुन्नर, त्र्यंबक आणि त्यांच्या ताब्यातले इतर किल्ले मोगलांच्या हवाली केल्याशिवाय विजापूरने त्यांना चाकरीत घेऊ नये. सबंध तहात हे कलम सर्वांत धारदार आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. दोन बलाढ्य शत्रूंच्या मध्ये सापडलेल्या सरदाराचा खरा बचाव तटबंदी नसून त्या दोघांमधला बेबनाव असतो. आज एकाच्या आश्रयाला, उद्या दुसऱ्याच्या, असे करत तो टिकतो. या कलमाने ती वाटच बुजवली.

मग दोन्ही फौजा एकत्र निघाल्या. मोगलांकडून खानजमान आणि विजापूरकडून रणदुल्लाखान शहाजीराजांच्या पाठीवर होते. पावसाळा आला, नद्या भरल्या, पाठलाग रखडला. घाट आणि कोकण ओलांडत शहाजीराजे शहापूरजवळच्या माहुली किल्ल्यावर गेले आणि तेथे दोन्ही फौजांचा वेढा पडला. त्यांनी मोगलांच्या चाकरीत येण्याची तयारी दाखवली, पण मोगलांनी ती मानली नाही. त्यांना विजापूरकडेच जावे लागले. वर्षाच्या अखेरीस त्यांनी बालनिजामाला स्वाधीन केले आणि जुन्नर, त्र्यंबक, त्रिंगलवाडी, हरिहर, जीवधन, चावंड, हडसर हे किल्ले सोडले. यांतले त्र्यंबक, हरिहर आणि त्रिंगलवाडी हे तिन्ही आजच्या नाशिक जिल्ह्यात आहेत. त्र्यंबकेश्वरी आलेला यात्रेकरू ज्या ब्रह्मगिरीवर गोदावरीचा उगम पाहायला चढतो, तोच हा त्र्यंबकगड. त्याचे भवितव्य ठरले ते कित्येक कोस दूर, माहुलीच्या पायथ्याशी.

वेळ साधणे

एकट्या सेनापतीला तारीख बदलायची तर एक हुकूम पुरतो. दोस्तांना त्यासाठी पुन्हा वाटाघाटी कराव्या लागतात. डिसेंबर १९१५ मध्ये फ्रान्समधील शांतिली येथे ब्रिटन, फ्रान्स, रशिया आणि इटली यांच्या सेनाधिकाऱ्यांनी ठरवले की पुढच्या वर्षी सर्व आघाड्यांवर एकदमच उठायचे, म्हणजे जर्मनीला राखीव सैन्य इकडून तिकडे हलवता येणार नाही. पण २१ फेब्रुवारी १९१६ रोजी जर्मनीनेच व्हर्दूनवर घाव घातला. फ्रेंच सैन्य तेथे गुंतले आणि १ जुलैला सुरू झालेल्या सोमच्या लढाईचा मोठा भार ब्रिटिशांवर पडला.

हाच विचार १९४४ मध्ये अधिक नेमका उतरला. नोव्हेंबर १९४३ मध्ये तेहरानला रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन भेटले. पश्चिमेकडून फ्रान्समध्ये उतरायचे आणि त्याच सुमारास पूर्वेकडून रशियाने मोठी चढाई करायची, असे ठरले. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त सैन्य उतरले आणि त्याच महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यानंतर बेलारूसमध्ये रशियन चढाई सुरू झाली. दोन फौजांमध्ये सबंध जर्मनी होता, तरी दिलेला शब्द पाळला गेला.

शब्द मोडला तर काय होते, हे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर दिसले. मुंबई बंदरात उतरलेल्या ब्रिटिश सैनिकांना त्या काळी नाशिकजवळच्या देवळालीची छावणी ओळखीची होती, त्यामुळे नाशिककरांना ही आघाडी परकी नव्हती. कैरोच्या बैठकीत चीनचे नेते चँग कै-शेक यांना बंगालच्या उपसागरात समुद्रमार्गे हल्ला करण्याचे आश्वासन मिळाले होते. काही दिवसांतच ते मागे घेतले गेले, कारण सैन्य किनाऱ्यावर उतरवणाऱ्या नौका युरोपात हव्या होत्या. मग चँग यांनीही युन्नानमधले आपले सैन्य रोखून धरले. अमेरिकेने मदत आटवण्याचा इशारा दिला, तेव्हा कोठे मे १९४४ मध्ये ते सालवीन नदी ओलांडून निघाले. नौकांची टंचाई युरोपात, आणि थांबलेली फौज चीनमध्ये.

रसद आणि बातमी

१७९० मध्ये पेशवे, निजाम आणि इंग्रज यांनी टिपू सुलतानाविरुद्ध तह केले. जिंकलेल्या मुलखाची समान वाटणी त्यात होती. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेला मुंबईहून आलेल्या कॅप्टन लिटलच्या इंग्रजी पलटणींची जोड मिळाली, तरी धारवाडचा वेढा सप्टेंबर १७९० पासून एप्रिल १७९१ पर्यंत चालला. इंग्रजांचा गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिस याने तोवर बंगळूर घेतले आणि मराठ्यांची वाट न पाहता तो श्रीरंगपट्टणाकडे निघाला. मे महिन्यात अरकेरेची लढाई त्याने जिंकली, पण धान्य संपले, बैल मेले, रोगराई पसरली. ओढायला जनावरेच उरली नाहीत, म्हणून त्याने आपल्या मोठ्या तोफा स्वतःच्या हाताने निकामी केल्या आणि माघार धरली.

त्या माघारीत मेलुकोटेजवळ समोरून घोडदळ दिसले. इंग्रजांना प्रथम ते टिपूचेच वाटले. ते हरिपंत फडके आणि परशुरामभाऊंचे मराठी लष्कर होते. इतक्या जवळ येईपर्यंत दोस्ताला दोस्ताची खबर नव्हती, कारण टिपूच्या स्वारांनी मधले सगळे जासूद अडवले होते. मराठ्यांच्या छावणीतला बाजार भरलेला होता. उपाशी इंग्रजी फौजेने तेथे चढ्या भावाने धान्य घेतले आणि जगली. इंग्रजांच्या कवायती फौजेची वाखाणणी पुष्कळ झाली आहे. पण त्या दिवशी मोहीम सावरली ती पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांनी. पुढे फेब्रुवारी १७९२ मध्ये तिघांनी मिळून श्रीरंगपट्टणास वेढा घातला, तो ही बेगमी नीट करूनच.

टिपूची चाल येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. दोस्तांच्या फौजांपेक्षा त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेवर त्याने जास्त मेहनत घेतली. पत्रे अडवणे, एकाला वेगळा तह देऊ करणे, एकाला धान्यावाचून कोंडणे, हे उपाय संयुक्त चढाईविरुद्ध मोठ्या लढाईपेक्षा स्वस्त पडतात.

चलनाचा प्रश्न याला जोडूनच येतो. परक्या मुलखात शिरलेल्या फौजेला तेथे चालेल असा पैसा लागतो. १९४५ मध्ये ब्रह्मदेश परत घेताना लष्करी प्रशासनाचा छाप मारलेल्या भारतीय नोटा तेथे चालवल्या गेल्या. भारतीय नोटांची छपाई १९२८ पासून नाशिकरोडच्या छापखान्यात होत होती.

हुकूम कोणाचा

स्वाभिमान येथे सर्वांत जास्त दुखावतो. पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि ब्रिटन साडेतीन वर्षे वेगवेगळ्या सेनापतींच्या हाताखाली लढले. मार्च १९१८ मध्ये जर्मन चढाईने दोघांच्या फौजा एकमेकींपासून तुटायची वेळ आली, तेव्हा फ्रान्समधील दूलाँ येथे फ्रेंच सेनापती फॉश यांच्याकडे समन्वयाचे अधिकार देण्यात आले. ब्रह्मदेश आघाडीवर अमेरिकन जनरल स्टिलवेल हे तेथील दोस्त सैन्याचे सरसेनापती माउंटबॅटन यांचे उपप्रमुख होते आणि चँग कै-शेक यांचे प्रमुख सेनाधिकारीही होते. नेमका कोणाचा हुकूम त्यांच्यावर चालतो, हा वाद संपता संपला नाही. १९७१ मध्ये भारतीय सैन्य आणि बांगलादेशची मुक्तिवाहिनी यांची संयुक्त कमान लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा यांच्याकडे होती. दोस्तांत एकाचे बळ स्पष्टपणे जास्त असले की हा प्रश्न लवकर सुटतो.

मोहिमेनंतर

मार्च १७९२ च्या तहाने टिपूचा निम्मा मुलूख आणि तीन कोटी तीस लाख रुपये तीन दोस्तांत वाटले गेले. समाईक शत्रू वाकला, तसा तहाला धरून ठेवणारा दोराही ढिला झाला. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याला मराठे आणि निजाम एकमेकांसमोर उभे राहिले. मराठी फौजेचे नेतृत्व परशुरामभाऊ पटवर्धनांकडेच होते, आणि तिसरे दोस्त, इंग्रज, या वेळी बाजूला राहिले.