होडीचा वेग : तळाची घडण आणि पाण्याची खोली

लहान होडी किती वेगाने जाईल हे वल्ही, शीड किंवा इंजिन यांच्या जोरावर अवलंबून असते, तसेच ते होडीच्या बुडालेल्या भागाच्या घडणीवर आणि तिच्याखालच्या पाण्याच्या खोलीवरही अवलंबून असते. पाण्याचा विरोध मुख्यतः दोन प्रकारांनी होतो. भिजलेल्या पृष्ठभागावर पाणी घासते ते घर्षण हा पहिला प्रकार, आणि लाटा उठवण्यात खर्ची पडणारी शक्ती हा दुसरा. सावकाश चालीत घर्षणच वरचढ असते. तळाला शेवाळ आणि शिंपले धरले की होडी जड चालते ती त्यामुळेच.

वेग वाढला की लाटा डोईजड होऊ लागतात. खोल पाण्यात लाट जितकी लांब, तितकी ती जलद धावते. होडीने उठवलेली लाट होडीच्याच चालीने पुढे सरकते, त्यामुळे होडीचा वेग वाढतो तशी त्या लाटेची लांबीही वाढत जाते. ही लांबी होडीच्या जलरेषेवरील (पाण्याच्या पातळीला मोजलेल्या) लांबीएवढी झाली की एक शिखर नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, आणि दुसरे मागच्या टोकाशी येते. त्यापुढे जोर लावला तर मागचा भाग खोलगटात बसतो, नाळ वर उचलली जाते आणि होडी आपल्याच लाटेचा चढ चढू लागते. जलरेषेवर ५ मीटर लांब असलेल्या होडीला ही अवस्था ताशी सुमारे १० किमी वेगाला येते, ८ मीटर लांब होडीला ताशी १३ किमीच्या आसपास. हा वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असल्याने होडी दुप्पट लांब केली तरी तो दीडपटही होत नाही.

या आकड्याला सरसकट ‘कमाल वेग’ म्हणण्याची प्रथा मात्र दिशाभूल करणारी आहे. स्पर्धेतली एकट्याची कयाक नियमानुसार ५.२ मीटरपेक्षा लांब नसते. तरी अव्वल खेळाडू १००० मीटर अंतर साडेतीन मिनिटांच्या आत कापतात, म्हणजे वेग ताशी १७ किमीच्या वर जातो. अरुंद, निमुळती आणि हलकी होडी मुळात लाटच लहान उठवते, म्हणून तो चढ तिला फारसा जाणवत नाही. किंमत मोजावी लागते ती स्थैर्यात. कोकण-गोव्याकडच्या होड्यांनी बाजूला उलांडी (होडीला आडव्या दांड्यांनी जोडलेला तरंगता ओंडका) लावून ही अडचण सोडवली आहे : मुख्य अंग अरुंद राहते आणि तोल उलांडी सांभाळते. दुसरा मार्ग पाण्यावर घसरण्याचा. मागे रुंद व सपाट तळ असलेली हलकी होडी पुरेसा जोर मिळाला की पाण्याच्या दाबाने वर उचलली जाते. इंग्लंडमध्ये उफा फॉक्स यांनी १९२८ साली बांधलेली ‘अ‍ॅव्हेंजर’ ही शिडाची होडी अशा घसरणीसाठी प्रसिद्ध झाली. मात्र तोच सपाट तळ आणि रुंद मागचा भाग मंद चालीत मागे भोवरे ओढत राहतो.

सर्व वेगांना सरस ठरेल असा एकच आकार नसतो, हे इंग्लिश अभियंते विल्यम फ्रूड (१८१०–१८७९) यांनी प्रयोगाने दाखवले. त्यांच्या ‘स्वान’ आणि ‘रेव्हन’ या प्रतिकृतींपैकी एक बोथट नाळेची, दुसरी टोकदार. कमी वेगाला एक सरस ठरली, तर जास्त वेगाला दुसरी. पुढे इंग्लंडमधील टॉर्की येथे त्यांनी उभारलेल्या चाचणी-हौदात १८७२ पासून प्रतिकृतींवरून जहाजांचा विरोध मोजण्याचे काम सुरू झाले.

उथळ पाण्यात सगळे गणित बदलते. खोली लाटेच्या लांबीच्या निम्म्याहून कमी झाली की लाटेला तळ जाणवू लागतो. तिचा वेग एका मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही, आणि ती मर्यादा फक्त खोलीवरून ठरते : १ मीटर पाण्यात ताशी सुमारे ११ किमी, २ मीटरमध्ये १६, ३ मीटरमध्ये साडेएकोणीस. होडी या वेगाजवळ आली की लाटा तिच्याभोवती साचतात, विरोध झपाट्याने वाढतो आणि मागचा भाग खाली बसतो. कालव्यात दोन्ही काठ जवळ असल्याने हा परिणाम अधिकच तीव्र होतो.

होडीने लाटेची ही मर्यादा ओलांडली तर? स्कॉटलंडमधील अभियंते जॉन स्कॉट रसेल यांनी नोंदवलेल्या हकिकतीनुसार, कालव्यातली हलकी नाव ओढणारा घोडा बुजून उधळला आणि नाव लाटेवर चढून अचानक सहज धावू लागली. त्यावरून ग्लासगो–पेझली कालव्यावर घोडे दौडवत ताशी ११ ते १४ किमी वेगाने उतारू नेणाऱ्या नावा चालू झाल्या. १८३४ साली एडिनबरोजवळच्या युनियन कालव्यात नाव एकाएकी थांबली तेव्हा तिच्यापुढची लाट सुटून एकटीच पुढे निघाली. रसेल यांनी घोड्यावरून तिचा पाठलाग केला. एकल तरंगाच्या, म्हणजे आकार न बदलता एकट्याच पुढे जाणाऱ्या लाटेच्या, अभ्यासाचा आरंभ तोच मानतात.

आजच्या रोइंगमध्ये आठ वल्हेकऱ्यांची बोट ताशी २२ किमीच्या आसपास धावते, म्हणजे ३ मीटर पाण्यात ती मर्यादेच्या पलीकडे असते, तर त्याच मार्गावर एकट्याची बोट मर्यादेच्या थोडी अलीकडे. शर्यतीच्या सर्व मार्गिकांची खोली सारखी असणे म्हणूनच महत्त्वाचे. नदीत उलट प्रवाहाने जाताना काठाशी ओढ कमी असते, पण खोलीही कमी असते. ताशी ५ किमीने जाणाऱ्या साध्या होडीला १ मीटर पाणीही पुरते, कारण तिच्या लाटा सव्वा मीटरच्याच असतात. तिने खुशाल काठ धरावा. शर्यतीच्या बोटीला मात्र तिथे प्रवाहात वाचवलेला जोर लाटांत गमवावा लागतो.