एकोणसत्तरावी गोळी

सप्टेंबर 2022 मध्ये अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात ‘नोमॅड रायफलमन’ या चमूने 4.4 मैलांवरचे, म्हणजे सात किलोमीटरहून थोडे जास्त लांबचे लक्ष्य टिपले. गोळी 24.5 सेकंद हवेत होती. पण नेम लागला तो 69 व्या गोळीला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असे म्हणून मोकळे होता येईल. ते निम्मेच खरे ठरेल.

आडव्या वाऱ्याने गोळी किती सरकते, हे काढायची जुनी रीत आहे. हवा नसती तर लागला असता तो वेळ प्रत्यक्ष वेळेतून वजा करायचा आणि उरलेल्या सेकंदांना वाऱ्याच्या वेगाने गुणायचे. गोळी सेकंदाला 1000 मीटर वेगाने सुटली असे धरले, तर हवेविना सात सेकंद पुरले असते, उरतात साडेसतरा. म्हणजे धूर जेमतेम कलेल असा, सेकंदाला एक मीटरचा वाराही तिला साडेसतरा मीटर बाजूला नेतो. शिवाय तिचा सरासरी वेग सेकंदाला 290 मीटरच्या आत, ध्वनीपेक्षा कमी. ध्वनीचा वेग ओलांडून खाली येताना गोळी डळमळते आणि गोळीचा मार्ग सांगणाऱ्या कोष्टकातले आकडे लंगडे पडतात.

1000 यार्डांवर (914 मीटर) चित्र बरेच माणसाळलेले आहे. .308 (म्हणजे 0.308 इंच जाडीच्या) गोळीसाठी हा उरलेला वेळ साधारण अर्धा सेकंद. अमेरिकी लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ 20 इंच व्यासाचे. वाऱ्याचा अंदाज सेकंदाला अर्धा मीटर चुकला की गोळी त्याच्या कडेवर जाते. झेंडे आणि दुर्बिणीत थरथरणारी उष्ण हवा वाचून एवढे ओळखणे, हे निखळ कसब. सुटतानाचा वेग 10 मीटरने बदलला तर उंचीत सुमारे 30 सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणून काडतुसातली दारू दाणा-दाणा मोजली जाते.

तरीही गोळ्या एका भोकातून जात नाहीत. त्यांचा पुंजका पडतो. पुंजका आवळणे आणि त्याचा मध्य लक्ष्यावर आणणे ही कौशल्याची कामे. पुंजक्यात पुढची गोळी नेमकी कुठे बसेल, ते नशीब. नवखा नेमबाज इथेच फसतो. मध्य आधीच बरोबर असताना प्रत्येक चुकीनंतर दुर्बिणीची नेम सरकवणारी चकती तेवढेच क्लिक (खटके) उलटी फिरवली, तर फैलाव घटत नाही, उलट सुमारे 41 टक्क्यांनी वाढतो. तीन-चार गोळ्यांची सरासरी पाहूनच दुर्बीण हलवावी; वारा उघड बदलला असेल तर गोष्ट वेगळी.

तीन गोळ्यांचा सुंदर ग्रुप, म्हणजे पुंजका, खिशात घेऊन फिरणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे: त्याच रायफलचा दहा गोळ्यांचा ग्रुप सरासरीने 1.6 पट मोठा पडतो.

आता त्या 69 कडे. समजा दर गोळीला 300 त एकच संधी होती. तरी 69 गोळ्यांत किमान एकदा नेम लागण्याची शक्यता 20 टक्के निघते. संधी 69 त एक धरली तर 63 टक्के. मात्र 300 त एक इथवर पोचायलाच आधीच्या गोळ्यांची धूळ पाहून मध्य सरकवत आणावा लागतो. ते काम नशीब करत नाही.

न्यू मेक्सिकोत रॅटनला भरणाऱ्या ‘किंग ऑफ टू माइल्स’ या लांब पल्ल्याच्या नेमबाजी स्पर्धेने नशिबाच्या या वाट्यावर साधा उपाय केला आहे: गोळ्या मोजक्याच, आणि पहिलीच लागली तर गुण सर्वांत जास्त.