कागदाच्या जाडीएवढा पत्रा जास्त झाला तर

गेल्या महिन्यात फॅमिली ग्रुपवर परत तो व्हिडिओ आला. गाडीच्या डेंटवर किटलीतनं उकळतं पाणी ओततात, आतनं हात घालून ढकलतात आणि टॉक्, डेंट गायब. खाली मामांचा मेसेज, "गॅरेजवाल्याचे पाच हजार वाचवा, सगळ्यांना पाठवा." व्हिडिओ खोटा नाहीये, पण त्यात चेपलेला भाग प्लास्टिकचा बंपर आहे. प्लास्टिक उकळत्या पाण्याने मऊ पडतं आणि मूळ आकारात यायला बघतं. पत्र्याचं तसं नाही. का नाही, हे मला कॉलेजात मेटलर्जी शिकून जेवढं कळलं नव्हतं तेवढं शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये कळलं.

मी मिशिगनमध्ये राहतो. शेजारी एक रिटायर्ड आजोबा आहेत, त्यांच्याकडे १९६८ ची शेव्हरोले कॅमॅरो ही मसल कार आहे आणि गेले दोन हिवाळे दर शनिवारी मी तिथे पाने-हातोड्या हातात द्यायला असतो. मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या दोन दारी गाडीत मोठ्या गाडीचं व्ही-८ इंजिन कोंबायचं, एवढीच आयडिया. १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओने, ६.४ लिटरच्या इंजिनाने, ही लाट आणली असं बहुतेक लोक मानतात, आणि फोर्डच्या मस्टँगला उत्तर म्हणून शेव्हरोलेने १९६७ च्या मॉडेलपासून कॅमॅरो काढली. सगळे बोलतात इंजिनाबद्दल. मला वेड लागलं पत्र्याचं.

पोलादाचा पत्रा थोडा ताणला की सोडल्यावर परत जागेवर येतो, हे शाळेत हूकच्या नियमात झालंय. पण हे "थोडा" किती? गाडीच्या मऊ पत्र्यासाठी साधारण ०.१ टक्का. म्हणजे ३० सेंटिमीटरच्या पट्टीत जेमतेम ०.३ मिलिमीटर. त्यापुढे ताणला की तो कायमचा लांबतो. आता व्हिडिओवाल्याचं पाणी बघा. पोलाद दर डिग्रीला १० लाखात १२ भाग प्रसरण पावतं, ३० डिग्रीचा पत्रा १०० ला नेला तर ७० गुणिले १२, म्हणजे ०.०८४ टक्के. ०.१ च्या आत. थंड झाला की गपगुमान होता तसा. कायमचं काहीच बदललं नाही, मामांचे पाच हजार जाणार ते जाणारच.

आता माझा आवडता भाग. आपण डेंट म्हणजे खड्डा समजतो, आतनं ढकलला की बाहेर येईल असं वाटतं. पण धडक बसताना पत्रा नुसता आत जात नाही, तो ताणला जातो, म्हणजे त्या जागी क्षेत्रफळ वाढतं. बाहेर ढकलला तरी ते जास्तीचं क्षेत्रफळ जाणार कुठे? मग पत्रा तिथे फुगून राहतो, तेलाच्या डब्याच्या तळासारखा, दाबला की टॉक् आत, सोडला की टॉक् बाहेर.

घरी करून बघा. प्लास्टिकची ३० सेंमीची पट्टी दोन जाड पुस्तकांमध्ये आडवी अडकवा आणि एक पुस्तक अगदी किंचित, झेरॉक्सच्या कागदाच्या जाडीएवढं (०.१ मिमी) आत सरकवा. पट्टी मधे किती फुगेल? पहिल्यांदा मलाही वाटलं दिसणारसुद्धा नाही. हिशोब असा, फुगवट्याची उंची म्हणजे (३ × लांबी × जास्तीची लांबी ÷ ८) याचं वर्गमूळ. ३ × ३०० × ०.१ ÷ ८ म्हणजे ११.२५, त्याचं वर्गमूळ साधारण ३.३५. सव्वातीन मिलिमीटरच्या वर! ०.१ ची चूक तेहेतीस पटीने मोठी होऊन समोर येते, आणि वर्गमूळ असल्यामुळे चूक जितकी लहान तितकी ती जास्त पटीने मोठी दिसते. चूक शंभर पटीने कमी केली तरी फुगवटा फक्त दहा पटीने कमी होतो. (पत्रा दोन्ही दिशांना असतो, पट्टीसारखा एकाच दिशेला नाही, त्यामुळे आकडे थोडे हलतात, पण मुद्दा तोच.)

म्हणून नवशिक्याचं काय होतं, तो आत लोखंडी डॉली (हातात मावणारा ठोकळा) धरतो आणि बाहेरून त्याच जागी हातोडी हाणतो. दोन लोखंडांच्या मधे चेचला की पत्रा पातळ होऊन पसरतो, म्हणजे क्षेत्रफळ आणखी वाढलं, फुगवटा आणखी वाढला, म्हणून तो आणखी ठोकतो. आजोबा तसं करत नाहीत. डॉली खोलगट जागेखाली दाबून धरायची आणि हातोडी बाजूच्या उंचवट्यावर मारायची, हलक्या हाताने. उंचवटा बसतो, खोलगट वर येतो, पत्रा चेचला जात नाही. आणि क्रम उलटा, धडकेत जी घडी शेवटी पडली ती पहिली काढायची.

ठोकण्याचा दुसरा त्रास म्हणजे पत्रा कडक होतो. पोलादाच्या स्फटिकात अणूंच्या रांगा असतात आणि त्यात मधेच एखादी रांग अर्धवट संपते, त्या कडेला डिसलोकेशन म्हणतात. मंगल कार्यालयातली लांबच लांब सतरंजी सरकवायची तर आपण अख्खी ओढत नाही, एका टोकाला सुरकुती पाडून ती पुढे ढकलत नेतो, धातू असाच वाकतो, डिसलोकेशन म्हणजे त्याची सुरकुती. हे १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी आपापलं वेगवेगळं मांडलं. पण सुरकुत्या फार झाल्या की एकमेकींत अडकतात. मऊ करून ठेवलेल्या धातूच्या एका घन सेंटिमीटरमध्ये या डिसलोकेशनच्या रेषांची एकूण लांबी दहा किलोमीटरच्या आसपास असू शकते, आणि ठोकून ठोकून कडक केलेल्यात ती दहा लाख किलोमीटरपर्यंत जाते. चंद्र आहे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर, जाऊन येऊन वर उरेल. पुण्यात तांबट आळीत भांड्यांवर मठारकाम करतात ते ठोके नुसते दिसायला नसतात, ठोकल्याने तांबं कडक होतं, आणि ते परत मऊ करायला भट्टीत तापवावं लागतं. तिथे कडकपणा हवाच असतो, इथे तो नडतो.

मग जास्तीचा पत्रा कमी कसा करायचा, तर तापवून. शर्टाच्या बटणाएवढा ठिपका, साधारण १२ मिमी, गॅसच्या टॉर्चने मंद लाल करायचा, म्हणजे ७०० डिग्रीच्या आसपास. तो ०.८ टक्के पसरायला बघतो पण भोवतीचा गार पत्रा सरकू देत नाही. ७०० डिग्रीला पोलादाची ताकद पाव हिस्साच उरलेली असते, त्यामुळे ठिपका बाजूला न पसरता जाडीत फुगतो. थंड होताना मात्र आकसतो चारी बाजूंनी, आणि भोवतालचा पत्रा आत ओढून घेतो. १२ मिमीचा ०.८ टक्के म्हणजे, बघा, ०.१ मिमी. प्रत्यक्षात थोडा कमीच मिळतो, पण वरच्या पट्टीचं गणित आठवा, तेवढ्याने तीन मिलिमीटरचा फुगवटा उतरतो. पहिल्यांदा हे डोळ्यासमोर झालं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या, आजोबांनी चष्म्यावरनं बघितलं फक्त. नंतर ओलं फडकं लावतात ते उष्णता बाजूला पसरू नये म्हणून. पाण्यामुळे पत्रा ठिसूळ होतो म्हणतात तसं या पत्र्याचं होत नाही, त्यात कार्बन अगदीच कमी असतो.

आणि ज्यांना हे जमत नाही ते लांबी, म्हणजे पुटी, भरतात. पॉलिएस्टरची पुटी वाईट नाही, पातळ थराला चालते, पण जुनी गाडी घेताना पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक खिशात ठेवा. चिकटत नसेल तिथे पत्रा नाही, पुटीचा डोंगर आहे.

याच ओघात एक गैरसमज. "जुन्या गाड्यांचं लोखंड बघा, आताचे नुसते डबे." पत्रा जाड होता हे खरं. पण २००९ मध्ये अमेरिकेतल्या आयआयएचएस या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची मालिबू समोरासमोर धडकवली, जुन्या गाडीचा ड्रायव्हरचा भाग चेपला गेला आणि नव्या गाडीतला चाचणीचा पुतळा तुलनेने सुखरूप राहिला. जाडीपेक्षा धडकेची ऊर्जा कुठे खर्च होते ते महत्त्वाचं. (लिंबू-मिरचीबद्दल तर बोलायलाच नको. डेंट नजर लागून पडत नाही, शेजारची गाडी दार उघडते म्हणून पडतो.)

पत्रा सरळ झाला की दार-बॉनेटची जुळवणी. इथेही तोच खेळ, लहान चूक मोठी होते. समजा दार १२०० मिमी लांब आणि दोन बिजागऱ्यांमध्ये ३५० मिमी अंतर. वरची बिजागरी फक्त १ मिमी पुढे, म्हणजे बॉनेटच्या दिशेला सरकवली की दाराचं मागचं टोक १२०० भागिले ३५०, म्हणजे जवळपास ३.४ मिमी वर उचललं जातं. तीच गोष्ट बिजागरीच्या झिजलेल्या पिनेची, पिन आणि बुश (पिनेभोवतीची नळी) यांच्यात जरा ढिलाई आली की मागे दार लोंबकळतं, म्हणून आधी पिना आणि बुश बदलायचे, मग बाकीचं. नवशिके बॉनेटपासून सुरू करतात कारण ते डोळ्यात भरतं. सुरुवात करायची जे हलवता येत नाही तिथून. मागचा क्वार्टर पॅनल (दारामागचा, मागच्या चाकावरचा पत्रा) वेल्ड केलेला, त्याला दार जुळवायचं, दाराला मडगार्ड, मडगार्डला बॉनेट. त्याच्याही आधी, कॅमॅरोत पुढची फ्रेम वेगळी असते, बॉडीला रबरी माउंटवर बोल्ट केलेली. रबर पन्नास वर्षांत बसलेलं. फ्रेमला आणि बॉडीला समोरासमोर भोकं ठेवलेली आहेत, त्यातून ५/८ इंची गज सरळ आरपार गेला पाहिजे, तोवर मडगार्डला हात लावायचा नाही. आणि गाडी स्वतःच्या चाकांवर, इंजिन बसवलेलं. स्टँडवर जुळवलेल्या फटी खाली उतरवल्यावर बदलतात, आम्ही एक अख्खा शनिवार यात घालवलाय.

शेवटची तपासणी हाताने. आजोबा पातळ सुती हातमोजा घालतात, डोळे मिटतात आणि तळवा पत्र्यावरून लांबीच्या दिशेने सावकाश फिरवतात. मी पण मिटले, मला काहीच कळलं नाही. त्यांनी माझं बोट धरून एका जागी नेलं तेव्हा कुठे कळलं, तिथे जरासं उंच होतं.

त्या गाडीच्या डाव्या दारामागची फट आजही वर ४ आणि खाली साडेपाच मिमी आहे. मी म्हटलं, अजून एक शिम (पातळ चकती) घालूया का. ते म्हणाले, कंपनीतनं आली तेव्हा याहून वाईट होती.