पार्श्वभूमी : रत्नागिरी-सिंधुदुर्गातील खेड्यांची लोकसंख्या आणि दळणवळण

२००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली, तेव्हा तीन जिल्ह्यांची मात्र घटली : मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. रत्नागिरीची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली आणि सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर. ज्या जिल्ह्यात गिरणगाव होते तो जिल्हा आणि त्या गिरण्यांना पिढ्यान्‌पिढ्या माणसे पुरवणारा मुलूख एकाच यादीत यावा, हा माझ्या मते निव्वळ योगायोग नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत घाटावरचा माल कुंभार्ली, आंबा, फोंडा अशा घाटांनी खाली उतरून चिपळूण, राजापूर, वेंगुर्ले या बंदरांतून मुंबईला जात असे. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे धावू लागली आणि पुढे दक्षिण महाराष्ट्रातही रूळ पोचले, तसा हा माल कोकणाला वळसा घालून परस्पर जाऊ लागला व बंदरांचा व्यापार बसला. त्यानंतर कोकणातून मुंबईला जाऊ लागली ती मुख्यतः माणसे. अनेक बंदरांत आगबोट धक्क्याला लागत नसे, त्यामुळे उतारूंना पडावातून खोल पाण्यात नेऊन बोटीवर चढवावे लागे, आणि पावसाळ्यात तर ही वाहतूकच बंद असे. अशा प्रवासात एकटा कमावता पुरुष जाई. बायकामुले आणि म्हातारी माणसे शेत सांभाळत मनिऑर्डरीची वाट पाहत. २०११ मध्येही राज्यात हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया असताना रत्नागिरीत ११२२ आणि सिंधुदुर्गात १०३६ होत्या, तो याच रीतीचा ठसा आहे.

स्वातंत्र्यानंतर एसटी आली; राज्यातील तिची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी सुटली होती. कोकणातले गाव एका जागी वसलेले नसते, ते डोंगरउतारावर वाड्यावाड्यांनी पसरलेले असते. म्हणून गाडी फाट्यावर थांबली तरी पुढे पऱ्यावरचा (ओढ्यावरचा) साकव म्हणजे छोटा पूल ओलांडून, पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) चढून घर गाठावे लागे. वस्तीची गाडी हा या व्यवस्थेचा कणा होता : संध्याकाळी शेवटची फेरी गावात यायची, चालक-वाहक तिथेच मुक्काम करायचे आणि पहाटे तीच गाडी हायस्कूलची मुले, दवाखान्याला निघालेले रुग्ण आणि बाजारकरणी यांना घेऊन तालुक्याला जायची. आगबोटीने मुंबई जवळ आणली, पण एसटीने तालुका जवळ आणला, आणि गावात राहणाऱ्याला तालुक्याचीच गरज अधिक होती.

कोकणातले खासदार बॅ. नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते यांनी लावून धरलेली रेल्वेची मागणी पूर्ण व्हायला बराच काळ गेला. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी रोहा ते मंगळूर हा मार्ग राष्ट्राला अर्पण करण्यात आला. तोवर गिरणी कामगारांच्या १९८२ च्या संपानंतर मुंबईतल्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या होत्या. पण अनेक कुटुंबे गावी परतण्याऐवजी विरार, दिवा, डोंबिवलीकडे सरकली, आणि गावात उरलेली त्यांची माणसेही तिकडेच गेली. रेल्वेने सणाला येणे सोपे केले. गावात राहण्यासाठी लागणारा रोजगार मात्र तिच्या मागोमाग आला नाही.

गेल्या जनगणनेची शिरगणती फेब्रुवारीत झाली, तेव्हा चाकरमानी मुंबईत असतात. गणपतीत जादा गाड्या सोडूनही जागा पुरत नाही, अशी गर्दी या जिल्ह्यांत उतरते. जनगणनेच्या आकड्यात ही माणसे नसतात, आणि उरलेले अकरा महिने एसटीतही नसतात. मग भारमान (गाडीतल्या जागांच्या मानाने प्रवाशांचे प्रमाण) कमी म्हणून आधी वाडीची फेरी बंद होते. दहावीनंतर रोज तालुक्याला जाऊन शिकणारी मुले त्यामुळे तिथे खोली घेऊन राहू लागतात, आणि पुढच्या वर्षी भारमान आणखी घसरते. कोकणातील खेड्यांच्या वाहतुकीचा विचार या अकरा महिन्यांतल्या प्रवाशापासून सुरू व्हायला हवा, आणि त्यासाठी फेरीची गरज तिकिटांच्या बेरजेवर ठरवणे आधी थांबवावे लागेल.