अफगाण फुटबॉलपटू परदेशी क्लबात: आयटीसी, वयाचे कागद आणि करार

अफगाण फुटबॉलपटू दुसऱ्या देशातल्या क्लबकडून खेळायला जातो तेव्हा त्याला दोन परवानग्या लागतात. एक त्या देशाच्या सरकारची, म्हणजे व्हिसा आणि कामाचा परवाना. दुसरी फुटबॉलची, म्हणजे खेळाडूची नोंदणी एका देशाच्या महासंघाकडून दुसऱ्याकडे नेणारं इंटरनॅशनल ट्रान्स्फर सर्टिफिकेट, बोलताना नुसतं आयटीसी. व्हिसा हातात आहे म्हणून आयटीसी मिळत नाही, आणि आयटीसी आली म्हणून विमानतळावर कुणी आत सोडत नाही. मुंबई एफसीकडून खेळलेला झोहिब अमिरी, गोव्यात चर्चिल ब्रदर्सकडे आलेला बलाल अरेझू, गोकुलम केरळाबरोबर आय-लीग जिंकलेला शरीफ मुखम्मद या सगळ्यांची वाट अशीच होती.

आयटीसी देतं कोण?

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. आयटीसीचा राष्ट्रीयत्वाशी संबंध नाही. खेळाडूची शेवटची नोंदणी ज्या देशात होती, त्या देशाचा फुटबॉल महासंघ ती देतो. हॅम्बुर्गच्या क्लबात नोंद असलेल्या अफगाण मुलाची आयटीसी जर्मन महासंघाकडून येते, पासपोर्ट काबूलचा असला तरी. उलट, काबूलच्या क्लबात दोन मोसम हौशी म्हणून खेळलेला मुलगा भारतात आला, तर ती अफगाणिस्तान फुटबॉल फेडरेशनकडूनच मागवावी लागते. ‘तिथे पगार नव्हता’ हे कारण चालत नाही. वयाच्या दहाव्या वर्षानंतर कुठेही नोंदणी झाली असेल तर आयटीसी लागते. जुनी नोंदणी लपवून ‘पहिलीच नोंदणी’ लिहा, असा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नये. एखादा जुना संघाचा फोटो किंवा सामन्याचा व्हिडिओ सापडला की नोंदणीच धोक्यात येते.

आणखी एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी: आयटीसी फुकट असते. फिफाच्या नियमानुसार तिच्यावर अट घालता येत नाही, मुदतही घालता येत नाही. ‘आयटीसी काढून देतो, एवढे डॉलर लागतील’ म्हणणारा माणूस खेळाडूचा हितचिंतक नाही.

अर्ज खेळाडू करत नाही

फिफाच्या ट्रान्स्फर मॅचिंग सिस्टीममध्ये, म्हणजे टीएमएसमध्ये, खेळाडूला लॉगिनच नसतं. नवा क्लब तिथे व्यवहार नोंदवतो आणि कागद चढवतो, मग नवा महासंघ (भारतात अखिल भारतीय फुटबॉल महासंघ, म्हणजे एआयएफएफ) जुन्या महासंघाकडे आयटीसी मागतो. ही मागणी नव्या देशातली ट्रान्स्फर विंडो, म्हणजे खेळाडूंच्या नोंदणीची ठरलेली मुदत, बंद होण्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत जायलाच हवी. करारावर सही वेळेत झाली आणि मागणी दुसऱ्या दिवशी गेली, तर सहीचा उपयोग नाही. करार आधीच संपलेल्या मोकळ्या खेळाडूला विंडोनंतरही नोंदणीची सवलत मिळू शकते, पण तिच्या भरवशावर बसू नये.

जानेवारी २०२५ पासून जुन्या महासंघाने ७२ तासांत उत्तर द्यायचं असतं. ते आलं नाही तर नवा महासंघ खेळाडूची नोंदणी करू शकतो. पूर्वी जुन्या क्लबशी कराराचा वाद असला की आयटीसी अडून राहायची. तो अडसर आता निघाला. वाद वेगळा चालतो, खेळाडू मैदानावर उतरतो.

टीएमएससाठी लागणारे कागद थोडेच आहेत: नव्या क्लबचा करार, नाव, जन्मतारीख आणि राष्ट्रीयत्व दाखवणारा पासपोर्ट किंवा ओळखपत्र, आधीचा करार कधी व का संपला याचा पुरावा, दोन क्लबांत पैशाचा व्यवहार असेल तर तो करारनामा, आणि खेळाडूच्या हक्कांत तिसऱ्या कुणाचा हिस्सा नाही असं त्याच्या सहीचं पत्र. आधीचा करार संपल्याचं पत्र जुना क्लब सोडतानाच मागून ठेवावं. सहा महिन्यांनी फोन उचलणारं कुणी असेलच असं नाही.

तझकिरा आणि जन्मतारीख

अफगाण खेळाडूची फाइल अडते ती बहुतेक वेळा इथे. तझकिरा हे तिथलं ओळखपत्र. जुन्या कागदी तझकिऱ्यावर जन्मतारीख नसते. ‘१३९६ साली वय ९ वर्षं’ असा मजकूर असतो, आणि ते साल सौर हिजरी, म्हणजे अफगाण दिनदर्शिकेतलं असतं. यावरून जन्मसाल निघतं १३८७. पण १३८७ म्हणजे २० मार्च २००८ ते २० मार्च २००९. एका कार्यालयात कुणी ६२१ मिळवून २००८ लिहितं, दुसरीकडे १ जानेवारी २००९ टाकली जाते. आता याच मुलाचे तीन कागद समोर ठेवा: शाळेचा दाखला २००८चा, पासपोर्ट २००९चा आणि क्लबची जुनी नोंद एखाद्या तिसऱ्याच तारखेची. तो १८ वर्षांचा झाला की नाही, हे कोण सांगणार?

हा प्रश्न नुसता कारकुनी नाही. १८ वर्षांखालील खेळाडूचं आंतरराष्ट्रीय हस्तांतर फिफाने मुळातच बंद ठेवलं आहे, अपवाद मोजके आहेत. एका तारखेने मुलगा सज्ञान ठरतो, दुसरीने त्याचं सगळं वर्ष बुडतं. म्हणून पासपोर्टवरची तारीख प्रमाण धरावी आणि बाकीचे कागद आयटीसीची मागणी जाण्याआधी तिच्याशी जुळवून घ्यावेत. मागणी गेल्यावर दुरुस्ती करायला गेलं की ती वय चोरल्यासारखी दिसते.

नावाचंही तसंच. कित्येक अफगाण कागदांवर आडनाव नसतं, एकच नाव आणि वडिलांचं नाव. युरोपात निर्वासित म्हणून नोंद होताना कुणीतरी दरी भाषेतलं नाव ऐकून रोमन लिपीत उतरवतं, पासपोर्टवर वेगळं स्पेलिंग पडतं, आणि संगणकात एकाच खेळाडूचे दोन फिफा आयडी, म्हणजे ओळख क्रमांक, तयार होतात. ते एकत्र करून घेण्याचं काम महासंघ करतो. खेळाडूने क्लबला आधी सांगितलं तरच ते वेळेत होतं.

अल्पवयीन आणि निर्वासित

पालक फुटबॉलखेरीज अन्य कारणाने नव्या देशात राहायला गेले असतील, तर मुलाला परवानगी मिळू शकते. जीव किंवा स्वातंत्र्य धोक्यात आल्यामुळे आईवडिलांशिवाय देश सोडावा लागलेल्या, आणि नव्या देशाने निदान तात्पुरतं राहू दिलेल्या मुलासाठीही अपवाद आहे. अर्ज नवा महासंघ करतो. आश्रयाचा किंवा निवासाचा सरकारी कागद हाच त्याचा कणा. घरच्यांना मागे धोका असेल, तर ते महासंघाला पहिल्याच दिवशी लेखी कळवावं, आयटीसीची मागणी काबूलला जाण्याआधी.

दुसऱ्या देशाच्या राष्ट्रीय संघाकडून खेळण्याचे नियम यापेक्षा निराळे आहेत. अफगाणिस्तानात जन्मलेल्या नादिया नदीमला डेन्मार्ककडून खेळायचं होतं, तेव्हा वयाच्या १८नंतर पाच वर्षं वास्तव्याची अट आड आली. फिफाने अपवाद केल्यावर २००९मध्ये ती उतरली. २०२०नंतरच्या नियमात दहाव्या वर्षाआधी आलेल्यांना तीन वर्षं आणि १० ते १८ दरम्यान आलेल्यांना पाच वर्षं वास्तव्य पुरतं, फक्त या दुसऱ्या गटाला स्थलांतर त्या देशाच्या संघाकडून खेळण्यासाठी नव्हतं हे दाखवावं लागतं.

भारतात येताना

क्लबशी ठरावीक मुदतीचा पगारी करार असेल तर एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो. तो एकापेक्षा जास्त प्रवेशांचा मागावा. राष्ट्रीय संघाचं बोलावणं आलं की देशाबाहेर जावं लागतं, कारण अफगाणिस्तानचे ‘घरचे’ सामनेही परदेशात होतात. मार्च २०२४मध्ये भारताविरुद्धचा असा सामना सौदी अरेबियात अभा इथे झाला, आणि पाच दिवसांनी गुवाहाटीत शरीफ मुखम्मदच्या पेनल्टीवर अफगाणिस्तान २-१ जिंकला. एकाच प्रवेशाचा व्हिसा असलेला खेळाडू अशा वेळी बाहेर अडकतो. २५ ऑगस्ट २०२१ला भारताने भारताबाहेर असलेल्या अफगाण नागरिकांचे आधीचे व्हिसा रद्द केले होते, म्हणून जुन्या शिक्क्यावर तिकीट काढू नये. पोहोचल्यापासून १४ दिवसांत एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, नोंदणी करावी. घरमालकाने किंवा हॉटेलनेही २४ तासांत माहिती कळवायची असते. ती त्याने कळवली का, हे खेळाडूनेच विचारावं.

करार वाचताना

‘व्हिसा मिळाला तर’ किंवा ‘वैद्यकीय तपासणीत पास झाला तर’ हा करार लागू, असं कलम फिफाच्या नियमात बसत नाही. तपासणी आणि परवान्याची चौकशी क्लबने सहीआधी करायची असते. हे माहीत नसलेला खेळाडू व्हिसा नाकारल्यावर आपला करार संपला असं समजून गप्प बसतो. कराराची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं, १८ वर्षांखालच्यांना तीन. इंग्रजीतली आणि त्याला वाचता येईल अशा भाषेतली प्रत, दोन्ही पानोपानी सही करून घ्यावी.

पगार थकला तर निघून जायची घाई करू नये. निदान दोन महिन्यांचा पगार थकल्यावर क्लबला लेखी नोटीस देऊन पूर्ण १५ दिवस थांबावं, मगच करार तोडावा. क्रम चुकला तर नुकसानभरपाई खेळाडूच्याच अंगावर येऊ शकते. त्यानंतर फिफाच्या लीगल पोर्टलवर दावा करता येतो. खेळाडूला त्यासाठी शुल्क नाही, पण वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तो दाखल व्हायला हवा. नोटीस ईमेलने पाठवून तिची प्रत, बँकेची विवरणपत्रं आणि कराराचा स्कॅन अशा ठिकाणी ठेवावा जिथून कोणत्याही देशातून उघडता येईल.