ख्रिसमस कॅक्टसची छाटणी नागपुरात फेब्रुवारीतच का करावी?

नागपुरातल्या गॅलऱ्यांमधला जुना ख्रिसमस कॅक्टस बहुधा एकाच अवस्थेत दिसतो: फांद्या लांबलचक लोंबलेल्या, मधोमध टक्कल, कुंडी एका अंगाला कललेली. फुलं येतात, पण मोजकी. मग लोक खत वाढवतात. त्याला हवी असते छाटणी, आणि आपल्याकडे तिची वेळ साधणं फार महत्त्वाचं आहे.

हा निवडुंग असला तरी वाळवंटातला नाही. ब्राझीलमध्ये रिओ दि जानेरोजवळच्या डोंगरांतल्या दमट जंगलात तो झाडांच्या फांद्यांवर आणि खडकांच्या कपारींत, कुजलेल्या पाल्यात मुळं रोवून वाढतो. आपण ज्याला पान समजतो ते त्याचं चपटं खोड, पेरापेरांचं. अन्न तयार करणं आणि पाणी साठवणं, दोन्ही कामं या पेरांचीच.

कळ्या धरतात त्या फांदीच्या टोकाच्या पेरावर. फांदी हातभर लांब असो की वीतभर, फूल टोकालाच. शेंड्याकडून खाली येणारं ऑक्झिन हे संप्रेरक मागच्या डोळ्यांना, म्हणजे झोपलेल्या अंकुरांना, फुटू देत नाही. शेंडा काढला की हा अडसर दूर होतो आणि उरलेल्या पेराच्या टोकाशी असलेल्या डोळ्यांतून पुष्कळदा दोन फुटवे निघतात. जिथे एक फूल यायचं, तिथे पुढच्या हिवाळ्यात दोन टोकं तयार.

कात्रीही लागत नाही. एका हाताच्या चिमटीत खालचं पेर घट्ट धरायचं, दुसऱ्या हाताने वरचं पेर अर्धवट पिळायचं. दोन पेरांमधला सांधा अगदी अरुंद असतो, तिथूनच ते कट्कन सुटतं. प्रत्येक फांदीची एक-दोन पेरं काढावीत, जास्त लोंबलेल्यांची तीन-चार. एका वेळी एकूण झाडाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त मात्र नको. बुंध्याजवळची पेरं खाकी आणि लाकडासारखी झालेली दिसतात. तो रोग नाही, वय आहे. त्यांना हात लावू नये.

आता वेळेचं. बहुतेक झाडं दिवसा हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात. हा निवडुंग मुख्यतः रात्री घेतो; पाणी उडू नये म्हणून दिवसा त्याची रंध्रं, म्हणजे हवा घेण्याची सूक्ष्म छिद्रं, मिटलेली असतात. त्याचा सगळा कारभार गार रात्रींवर चालतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो आणि रात्रीही उकाडा हटत नाही, तेव्हा त्याची वाढ थंडावते. एप्रिलमध्ये शेंडा तोडलेली फांदी म्हणूनच न फुटता नुसती बसून राहते. फुलं ओसरल्यावर फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीला छाटलेल्या झाडाला मात्र ऊन तापण्याआधी फुटव्यांसाठी काही आठवडे मिळतात. ती संधी हुकली तर पाऊस स्थिरावल्यावर, जुलैमध्ये. ऑगस्टनंतर नकोच, कारण कळ्या धरायला पेर पुरेसं पक्व झालेलं लागतं.

कळ्यांचा इशारा रात्रीच्या लांबीतून येतो. नागपुरात सप्टेंबरअखेर रात्र 12 तासांची होते, डिसेंबरात सुमारे 13 तासांची. पण गॅलरीतला ट्यूबलाइट उशिरापर्यंत जळत असेल तर झाडाच्या लेखी रात्र झालेलीच नसते. ऑक्टोबरपासून संध्याकाळनंतर पूर्ण अंधार मिळेल अशा जागी कुंडी हलवावी. आपले संत्रा बागायतदार बहारासाठी झाडांना ताण देतात, तसं याचंही पाणी तेव्हा थोडं कमी करावं. कळ्या दिसल्या की पाणी पुन्हा नेमाने सुरू, आणि कुंडीची जागा बदलायची नाही. नाहीतर कळ्या गळतात.

तोडलेली पेरं फेकू नका. दोन-तीन पेरांचा तुकडा एक-दोन दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्या, मग कोकोपीट आणि जाड वाळूच्या ओलसर मिश्रणात खालचं पेर अर्धं रोवा. काही आठवड्यांत मुळं धरतात. जुन्या कुंडीतल्या टकलाशेजारी असे दोन-चार तुकडे लावले तर ती जागाही हळूहळू भरून येते.